ड्रायव्हर 'अद्ययावत' करायचा की 'अद्यतन'?

कृष्णाकाठ: सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी घरच्या संगणकाचं मराठी सूचनापत्रक लिहिते आहे. ग्राफिक्स कार्डाच्या (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या भागाच्या) ड्रायव्हरपाशी, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी अडले. मी लिहिलं, 'ड्रायव्हर अद्ययावत करा'. तपासणाऱ्या काकांनी खोडून 'अद्यतन करा' केलं. म्हणाले, अद्ययावत हे विशेषण, त्याला 'करा' लावू नये. पण 'स्वच्छ करा' म्हणतोच ना आपण? आणि विंडोजमधल्या 'रोल बॅक'ला, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणणाऱ्या बटणाला, काय लिहू?

पाणिनीय: काकांना सांगा, अद्यतनही विशेषणच आहे! अद्य + तन, जसं पुरातन, सनातन. पाणिनीचं 'अनद्यतने लङ्' आठवा: आज न घडलेल्या भूतकाळासाठी लङ् हे क्रियापदाचं रूप. अद्यतन म्हणजे आजचं, अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. 'अपडेट' या अर्थाचं नाम हिंदीतून आलंय. मी अद्ययावतच ठेवेन. फक्त 'अद्यावत' लिहू नका, 'यावत्' मधला 'य' गिळू नये.

रात्रपाळी: मी दुरुस्तीच्या दुकानात असतो. दोन्ही शब्दांत 'आज' आहे आणि घोळ तिथेच होतो. एनव्हिडियाचं जीटी ७१० हे ग्राफिक्स कार्ड अजून बऱ्याच घरांत आहे. ते केप्लर नावाच्या जुन्या पिढीचं, ४७० मालिकेपुढचा ड्रायव्हर त्याला चालत नाही. नव्या गेमसाठीच्या सुधारणा २०२१ मध्ये थांबल्या, पुढे २०२४ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या. त्याला आजचा ड्रायव्हर आणणार कुठून? आम्ही 'फॉरमॅट मारला, ड्रायव्हर टाकले' म्हणतो. 'कार्डाला चालणारा शेवटचा ड्रायव्हर टाका' लिहा.

मराठीचाआग्रह: 'टाका' नको, ज्येष्ठ मंडळी काढून टाकतील. 'बसवा' लिहा. आणि ड्रायव्हर तरी कशाला? महापौर रुळला, चालकही रुळेल. वापरलाच नाही तर रुळणार कसा?

रात्रपाळी: पडद्यावर 'ड्रायव्हर' दिसतंय आणि कागदावर 'चालक'. माणसाने बटण शोधायचं कसं? दूरध्वनीही लिहिण्यात राहिला, घरात फोनच वाजतो.

खानदेशी: चालकला माझा विरोध वेगळ्या कारणाने. हिंदीत सेमीकंडक्टर म्हणजे अर्धचालक, आपल्याकडे अर्धवाहक. संगणकाच्या पुस्तकात चालक आला की हिंदी वाचणारा विजेकडे जाणार, आपला माणूस एसटीकडे. शिवाय हा ड्रायव्हर काही हाकत नाही. विंडोजचं म्हणणं कार्डाला कळेल अशा भाषेत पोचवतो. दुभाष्या म्हणा! 'दु' आपलाच: दुमजली, दुपदरी.

मराठीचाआग्रह: दुभाष्या उत्तम. मान्य.

पाणिनीय: मला एसटीचा वाहकच पटत नाही. तार वीज वाहून नेते, तिला वाहक म्हणणं बरोबर. बसमध्ये वाहून नेणारा तर चालक! कंडक्टर या एका शब्दासाठी दोन्हीकडे वाहक लावला.

कृष्णाकाठ: रोल बॅकचं राहिलंच. 'मागचा ड्रायव्हर परत आणा' चालेल? जुना ड्रायव्हर साठवलेला नसेल तर ते बटण फिकट दिसतं, तेही लिहायचंय.

खानदेशी: चालेल की. पण पाणिनीय, आमच्याकडे वाहक कोणी म्हणतच नाही. 'मास्तर, एक तिकीट द्या.' हा मास्तर एसटीत शाळेतून आला की शिंप्याकडून?

पाणिनीय: शिंप्याकडून असणार, हातात कसब असलेला तो मास्तर. मिस्त्री बघा, पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला, तोही कारागीरच.

रात्रपाळी: तिकीट फाडण्यात कसलं कसब? शाळेतूनच आला. हिशेब ठेवणारा, दटावणारा, जागा दाखवणारा.