मुळा नदीचे पाणलोट क्षेत्र डीईएमवरून काढताना येणारी अडचण

प्रश्न
नमस्कार. पुण्याच्या संगमापर्यंतचे मुळा नदीचे पाणलोट क्षेत्र मी एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार मोजणीच्या ३० मीटर डीईएमवरून (जमिनीच्या उंचीचा, ३० मीटरच्या चौकटींत मांडलेला अंकीय नकाशा) क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत काढत आहे. खळगे (चहूबाजूंनी उंच चौकटींनी वेढलेल्या सखल जागा) भरून प्रवाहदिशा आणि प्रवाहसंचय (प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचे पाणी येते ते) काढले आहेत. मात्र निर्गमबिंदू (खोऱ्याचे सारे पाणी जिथून बाहेर पडते ती जागा) किंचित सरकवला की क्षेत्र कधी एखाद्या शेताएवढे येते, तर कधी मुठेचे सारे खोरेही त्यात येते. शिवाय मुळेवरच्याच मुळशी धरणाच्या जलाशयात प्रवाहाच्या समांतर सरळ रेघा उमटतात. याची कारणे काय असावीत?

उत्तर १
क्षेत्र बदलते ते निर्गमबिंदूमुळेच. प्रवाहदिशा काढण्याच्या डी-८ पद्धतीत प्रत्येक चौकटीचे पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या एकाच चौकटीत जाते, त्यामुळे बिंदू नदीच्या रेषेपासून एक चौकट जरी बाजूला पडला, तरी हाती काठाच्या उताराचा तुकडाच लागतो. बिंदू सर्वाधिक प्रवाहसंचयाकडे आपोआप ओढून घेणारी सोय संगमापाशी वापरू नये, कारण तो खाली मुळा-मुठेवर जाऊन बसतो. संगमाच्या थोडे वर, मुळेच्या रेषेवर तो हाताने ठेवावा.

उत्तर २
एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधील आहे आणि त्या रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही, म्हणून जलाशय सपाट पृष्ठभाग म्हणूनच नोंदला गेला. सपाट जागी दिशा कृत्रिमपणे ठरवावी लागते, त्या या रेघा. त्यांनी क्षेत्रफळ सहसा बिघडत नाही. जपायला हवे ते धरणाच्या भिंतीला. खळगे भरताना पाणी काठावरच्या सर्वांत सखल जागेपर्यंत चढवले जाते, आणि ती जागा भिंतीऐवजी घाटमाथ्यावरची एखादी खिंड निघाली, तर नकाशातली नदी कोकणात उतरेल. म्हणून भरण्यापूर्वी भिंतीवरच्या चौकटींची उंची नदीच्या रेषेपुरती कमी करावी आणि तयार झालेला जलविभाजक (खोऱ्याची सीमारेषा) भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर ठेवून तपासावा. क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी नकाशाचा थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात आणायला विसरू नये.

उत्तर ३
या क्षेत्रावरून नदीचा विसर्ग काढायचा असेल, तर एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. मुळशीचे पाणी वीजनिर्मितीसाठी १९२७ पासून पश्चिमेला भिरा येथे उतरवले जाते आणि पुढे कोकणातल्या कुंडलिका नदीला मिळते. डीईएमला केवळ जमिनीचा उतार कळतो, हे वळवलेले पाणी कळत नाही. त्यामुळे धरणाच्या वरचे क्षेत्र स्वतंत्र उपखोरे म्हणून काढावे आणि पुण्यातील प्रवाहाच्या हिशेबात तेथून प्रत्यक्ष सोडलेले पाणीच धरावे.