हीट ट्रीटमेंटचं जॉबवर्क वाढवायचंय: व्हॅक्यूम, नायट्रायडिंग की दुसरी एसक्यूएफ?

भट्टीघर
नमस्कार मंडळी. बाबांनी सुरू केलेलं हीट ट्रीटमेंटचं युनिट गेली तीन वर्षं मी बघतेय. एक सील्ड क्वेंच फर्नेस (एसक्यूएफ, बंद भट्टीत तापवून आतच तेलात झटकन गार करणारी), दोन टेंपरिंगच्या भट्ट्या आणि एक जुनी पिट फर्नेस आहे. गिअर, शाफ्ट, पिना असंच काम असतं, कार्ब्युरायझिंग (स्टीलच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणं) आणि हार्डनिंग-टेंपरिंग (कडक करून मग थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं). भट्टी सातही दिवस भरलेली असते पण महिनाअखेर हातात फार काही उरत नाही, कारण रेट किलोवर आणि आपण जो सांगू त्याच्यापेक्षा कमी सांगणारा कोणीतरी असतोच. म्हणून आता एखाद्या खास प्रोसेसमध्ये शिरावं असं वाटतंय. डोक्यात तीन गोष्टी आहेत, टूल-डायसाठी व्हॅक्यूम (निर्वात भट्टीतलं) हार्डनिंग, गॅस नायट्रायडिंग (अमोनियातला नायट्रोजन पृष्ठभागात मुरवणं), नाहीतर सरळ दुसरी एसक्यूएफ. बाबा म्हणतात आपल्याला जे येतं तेच वाढव. कर्ज एकाच मशीनपुरतं मिळेल, त्यामुळे चुकले तर परत संधी नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

दुसरी_पाळी
ताई, मी दुसरी एसक्यूएफ घेतली होती म्हणून लिहितोय. भट्टी आली, चालू झाली, पहिल्याच महिन्यात कळलं की अडलंय ते भट्टीपाशी नाहीच. वॉशिंग मशीन एकच, टेंपरिंगला जागा नाही, त्यामुळे क्वेंच झालेले (तेलात गार केलेले) चार्ज, म्हणजे भट्टीत एकावेळी घातलेला माल, रांगेत उभे. एका रात्री हाय कार्बनच्या जाड पार्टचा चार्ज क्वेंच झाला आणि टेंपरिंग रिकामी नाही म्हणून सकाळपर्यंत तसाच राहिला. सकाळी बास्केट उघडली तर कितीतरी पार्टला क्रॅक. क्वेंच झालेला मार्टेन्साइट (स्टीलची कडक पण ठिसूळ रचना) आतून ताणलेला असतो, त्याला लवकर टेंपर करावंच लागतं, हे मला काय माहीत नव्हतं का, पण घाईत आपण म्हणतो एका रात्रीने काय होतंय. तो माल गिऱ्हाइकाकडे मशीनिंग होऊन आला होता, आमच्या हीट ट्रीटमेंटच्या बिलाच्या कितीतरी पट त्याची किंमत, भरपाईत त्या वर्षीची सगळी कमाई गेली. बाबांचं चुकतंय असं नाही म्हणत मी, पण दुसरी भट्टी घ्यायची तर वॉशिंग, टेंपरिंग, ऑइल कूलिंग, बास्केट, सगळंच त्या मापाने वाढवावं लागतं. एकटी भट्टी घेऊन वाढ होत नाही.

कठीणपणा_६०
आमची व्हॅक्यूम आहे, आठ वर्षं झाली. चांगलं काय ते आधी. पार्ट चकचकीत बाहेर येतो, डीकार्ब (पृष्ठभागातला कार्बन उडणं) नाही, वाकणं कमी. वीटकामाची एसक्यूएफ सुट्टीतही तापवून धरावी लागते, ही बंद करून घरी जाता येतं.

पण एक गोष्ट विकणारा नीट सांगत नाही. तुमचं आत्ताचं काम त्यात जाणारच नाही. ५-६ बार नायट्रोजनने एच १३, डी २ सारखी हवेत कडक होणारी स्टील होतात, पण साधं मध्यम कार्बन स्टील किंवा तुमचे कार्ब्युरायझिंगचे गिअर तेवढ्या थंडाव्यात कडक होत नाहीत, त्यांना ऑइलच लागतं. म्हणजे व्हॅक्यूम घेतली की गिऱ्हाईकच नवीन शोधायचं, डाय बनवणारे, टूलरूमवाले. ही माणसं वेगळी असतात, एकेका डायवर त्यांचे महिने गेलेले असतात. एच १३ ला आम्ही ६५० आणि ८५० ला थांबवून मग १०२० ते १०३० पर्यंत नेतो, नंतर दोनदा-तीनदा टेंपर. एका डायला दोन दिवस सहज जातात. रेट छान मिळतो पण किलोचा हिशोब डोक्यातून काढून टाकावा लागतो. आणि आलेला माल डोळ्यांनी बघून घ्यायचा, झिंक प्लेटिंगचा एक बोल्ट जरी चुकून आत गेला तरी झिंकची वाफ होऊन थंड भागांवर जाऊन बसते.

नायट्रायडिंगबद्दल थोडक्यात. ५०० ते ५७० डिग्री, क्वेंच नाही, त्यामुळे पार्ट जवळपास हलत नाही, फिनिश मशीनिंग झालेला मालही करता येतो. पण ०.३ मिमी खोल कडक थरासाठी तीस-चाळीस तास भट्टी अडकते, अमोनियाची सुरक्षा कडक पाळावी लागते, आणि गिऱ्हाइकाने आधी नायट्रायडिंगच्या वरच्या तापमानाला टेंपर केलेलं नसेल तर आतला कोअर मऊ पडतो आणि बोल मात्र आपल्याला लागतात.

सूक्ष्मदर्शी
मी लॅबच्या बाजूची, रोज केस डेप्थच (वरच्या कडक थराची, म्हणजे केसची खोली) काढते. मशीन ठरवायच्या आधी एकदा रेट बघा असं सांगेन. कार्बन आत शिरतो तो वेळेच्या वर्गमुळाने. ९२५ डिग्रीला एका तासात एकूण केस साधारण ०.६ मिमी, पण १.२ मिमीला दोन नाही, चार तास लागतात. आणि तुम्ही दोघांना किलोचा एकच रेट लावत असाल तर खोल केसवाल्या गिऱ्हाइकाला अर्धी भट्टी फुकट देताय. तसंच ४० किलोची बास्केट आणि ४०० किलोची बास्केट, भट्टीचा वेळ तोच. भट्टीच्या तासावर हिशोब मांडा, कुठलं काम खातंय ते दिसेल.

दुसरं म्हणजे खास काम मिळतं ते पुराव्यावर. ऑटोवाल्यांना सीक्यूआय-९ चं (हीट ट्रीटमेंटच्या मानकाचं) ऑडिट लागतं, एरोस्पेसला एएमएस २७५० या मानकाप्रमाणे पायरोमेट्री, म्हणजे भट्टीच्या तापमानाची तपासणी. त्यात क्लास ५ म्हणजे भट्टीत सगळीकडे अधिक-उणे १४ डिग्री, क्लास २ म्हणजे अधिक-उणे ६. ते दाखवायला भट्टीत साधारण नऊ ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून सर्व्हे करतात. आठ कोपरे आणि मध्य. सर्व्हे केला की बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की दाराजवळचा कोपरा थंड आहे आणि त्या कोपऱ्यातलेच पार्ट मऊ येत होते. मायक्रोहार्डनेस टेस्टर घ्या, ५५० विकर्सपर्यंतची (विकर्स हे कठीणपणाचं माप) केस मोजून प्रत्येक चार्जसोबत ग्राफ द्या, चार्ज नंबरवरून दोन वर्षांनीही रेकॉर्ड निघालं पाहिजे. हे तुमच्या आत्ताच्या भट्टीवरही होतं आणि कर्जही नको.

भट्टीघर
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून दोनदा वाचलं. मागच्या तीन महिन्यांचं चार्ज रजिस्टर काढलं आणि तासावर हिशोब मांडला. दोन गिऱ्हाइकं ०.८ च्या वर केस मागतात, त्यांच्याच कामात भट्टीचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि मिळतं सगळ्यात कमी. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. आता आधी सर्व्हे करून घेतेय आणि टेस्टरचं कोटेशन मागवलंय, मशीनचं नंतर ठरवू. फक्त दुसरी_पाळी दादा, आमच्याकडेही रात्री कधीकधी टेंपरिंग भरलेली असते, जुन्या पिट फर्नेसमध्ये निदान १५० डिग्रीला लगेच स्ट्रेस काढून सकाळी पूर्ण टेंपर केलं तर चालतं का?

दुसरी_पाळी
चालतं, आता आम्हीही तेच करतो. फक्त पार्ट हात लावण्याइतपत गार झाला की लगेच टाका, फार गरम असताना नको, मार्टेन्साइट पूर्ण झालेला नसतो. आणि रजिस्टरमध्ये क्वेंचची वेळ, टेंपरिंगला टाकल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने करा, रात्रीच्या माणसाला ते भरावेच लागतील असं ठेवा.