निफाडची बाग विकून पोरीला पायलट करायचं का?

उगावची_पोर
दोन दिवस आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "पायलटचं लायसन म्हणजे पैसेवाल्यांनी विकत घ्यायची वस्तू. शेतकऱ्यांनी बागा विकून पोरांना ह्या नादाला लावू नये, सहा महिन्यांत रडत घरी येतात." खाली पन्नासेक लोकांचे अंगठे, त्यात माझे सख्खे चुलतेसुद्धा. म्हणून लिहितेय.

मी धुळ्याकडे ट्रेनिंग घेते, उड्डाणाचे १३४ तास झालेत. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल, प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात. ६९ आले की नापास, पुन्हा बसा. आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायच्या परवान्याची परीक्षा, वेगळी. लायसनला लागणाऱ्या २०० तासांतले १०० आपण स्वतः कमांडमध्ये, त्यात ३०० नॉटिकल मैलांची (साधारण ५५५ किलोमीटर) एक क्रॉसकंट्री, म्हणजे लांबची फेरी, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून. यातलं नेमकं काय विकत मिळतं ते त्या माणसाने सांगावं.

पहाटे साडेपाचला पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक नळीत पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. आमचं पेट्रोल निळसर असतं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला की ओतून पुन्हा काढायचं, तो जाईपर्यंत. जानेवारीत एकदा मला तीनदा काढावं लागलं, बोटं गारठून गेली होती. पण हे काम दुसऱ्यावर टाकता येत नाही, कारण वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर सीटवर मी असणार.

पहिल्या सोलोला, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायच्या वेळी, सर उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधला आणि दार लावून निघून गेले. विमान रोजच्यापेक्षा आधीच उचललं गेलं, एका माणसाचं वजन कमी झालं होतं ना. त्या सहा-सात मिनिटांसाठी माझ्या वडिलांनी एक एकर बाग दिली. मला कुणी फसवलेलं नाही.

सिडकोकर_७७
ताई, तुझ्या मेहनतीबद्दल एक शब्द नाही. पण तू अजून लायसनच्या अलीकडे आहेस, आम्ही पलीकडचं बघितलंय.

माझ्या भावाचं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन, मार्च २०१९ ला हातात आलं. एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद. हजारो तासांचे अनुभवी पायलट रस्त्यावर, त्यांच्यापुढे २०० तासांच्या पोराला कोण विचारतो? मग कोरोना. जरा भरती सुरू झाली तोवर मे २०२३ मध्ये गो फर्स्ट कंपनीची विमानं जमिनीवर, पुन्हा तीच रांग. दरम्यान दरवर्षी मेडिकल तपासणी, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडवायची परवानगी) रिन्यू करा, त्यासाठी उड्डाणाचे तास विकत घ्या. टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे, लाख वेगळे. सिन्नरच्या जमिनीचे पैसे आधीच गेले होते, नंतर आईचं गंठण गेलं. आज तो सातपूरला मामाच्या औषधाच्या दुकानात बसतो. विमान गेलं की वर बघत नाही.

त्या पोस्टमधली भाषा चुकीची असेल, मुद्दा चुकीचा नाही.

पेठरोड_पाटील
+१. आमच्याकडेही हेच.

मास्तर_गंगापूररोड
पैशापेक्षा मोठा अडसर भाषेचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. इंग्रजीची आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेची, लेव्हल ४ लागते. मराठी शाळेतलं मूल हुशार असलं तरी रेडिओवर गोंधळतं, पुस्तकं डोक्यावरून जातात. मुलांना असलं काही करायचं असेल तर पहिलीपासून इंग्रजी शाळेत घाला. मी ३० वर्षं शिकवलंय, जबाबदारीने सांगतोय.

उगावची_पोर
मास्तर, मी जिल्हा परिषद शाळेतली आहे. तुम्ही न बघता आम्हाला मोडीत काढताय आणि त्याचा मला राग आलाय, स्पष्टच सांगते.

दवबिंदू हा शब्द मला सातवीत मराठीत शिकवला. पण त्याच्याही आधी मला तो घरी कळला होता. निफाडचा पारा घसरला की वडील पहाटे बागेत जाऊन पानाला हात लावायचे. पान ओलं म्हणजे डाऊनीची, द्राक्षावरच्या बुरशीची, भीती. मेटच्या तासाला सर म्हणाले, तापमान आणि ड्यू पॉइंट, म्हणजे तोच दवबिंदू, जवळ आले की धुकं येणार असं धरायचं. वर्गातली शहरी पोरं ते पाठ करत होती, माझ्या डोळ्यांसमोर आमची बाग होती. त्या पेपरला मला ८४ पडले.

मराठीशाळा_वाचवा
शंभर टक्के! शाळा बंद पाडायच्या आणि वर म्हणायचं मराठी पोरांना जमत नाही.

मास्तर_गंगापूररोड
मी शाळा बंद करा म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका. पेपर कळणं वेगळं, घाईत बोलणं वेगळं. रेडिओवर अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

मराठीशाळा_वाचवा
मग तुमची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात होती ते सांगा.

मास्तर_गंगापूररोड
हा वैयक्तिक हल्ला आहे. इथे माझ्या मुलांचा काय संबंध?

उगावची_पोर
त्यांच्या घरात शिरू नका, मुद्द्यावर राहा.

मास्तर, रेडिओवरची भाषा इंग्रजी शाळेतल्यांनाही नव्याने शिकावी लागते. तिथे थ्री नाही, ट्री म्हणतात. फाइव्हचं फाइफ, नाइनचं नाइनर, म्हणजे खरखरीत ऐकताना घोळ होत नाही. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, कळलं नाही तर 'से अगेन'. पहिले दोन महिने मी रात्री आरशासमोर घोकलं. माझ्या बॅचमधला फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा रीडबॅकमध्ये माझ्याहून जास्त चुकायचा, कारण तो पूर्ण ऐकायच्या आतच बोलायचा.

मास्तर_गंगापूररोड
घोकून जमत असेल तर ठीक. पहिलीपासून हे विधान मी मागे घेतो. पण भीती असते, ती तुम्हालाही होती, हे तुमच्याच लिहिण्यात आहे.

ओझर_निवृत्त
मी एचएएलमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, ३१ वर्षं काढली. मिगवर हात काळे केले, ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहून तेजस मार्क वन-ए हे लढाऊ विमान उडालं तेव्हा रस्त्यावर उभा राहून बघितलं. उडणं काय असतं ते मला सांगू नका. पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून रागावून लिहितोय.

आमच्या कॉलनीतल्या एकाच्या मुलाची पायलट ट्रेनिंगच्या एका संस्थेने आधी फी भरून घेतली. मेडिकलला ठिपक्यांतले आकडे वाचायला दिले, तर त्याला दिसेनात. लाल-हिरव्याचा दोष. पोराला १९ वर्षं पत्ताच नव्हता. अर्धी फी परत आली, तीही दीड वर्षाने.

एक गुंठा विकण्याआधी डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, ही पायलटची पहिली तपासणी, करून घ्या. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे का बघा. आणि ज्याला उडायचंच आहे त्याने फुकटचा रस्ता आधी आजमावावा. एनडीए, सैन्याचे अधिकारी घडवणारी अकादमी, आता मुलींनाही खुली आहे, त्यासाठीची मुलींची सरकारी पूर्वतयारी संस्था २०२३ पासून नाशकातच आहे. आर्मीचे हेलिकॉप्टर पायलट नाशिकच्याच गांधीनगरला तयार होतात, नाशिकरोडवाले रोज डोक्यावर बघतात.

सिडकोकर_७७
काका, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! भावाला एसएसबी, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड चाचणी, माहीतच नव्हती. मेडिकलचं मान्य, शंभरदा मान्य. पण बाग विकण्यावर माझं मत तेच. कर्ज काढा, अर्धं उत्पन्न लावा, जमीन नको. जमीन परत येत नाही.

उगावची_पोर
कर्जाला बँकेने तारण मागितलं तेव्हा तारण काय होतं आमच्याकडे? तीच बाग. सगळी गहाण ठेवून व्याज भरण्यापेक्षा एक एकर विकून उरलेली मोकळी ठेवायची, हे वडिलांनी हिशोब करून ठरवलं. चुकलं असेल तर दोन वर्षांनी इथेच लिहीन.

तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. नोकरीची खात्री आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. त्यांना माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा, आमच्याकडच्या एका सीनियरला पाच वर्षं थांबून मागच्या वर्षी घेतलं, त्यांच्याशी बोलून तरी बघू दे.

सिडकोकर_७७
विचारतो त्याला. हो म्हणेल असं वाटत नाही.

उगावची_पोर
विचारा तरी. मी आता झोपते, पहाटे पहिली सॉर्टी, म्हणजे पहिलं उड्डाण, माझी आहे. ६६ तास राहिलेत आणि जून लागला की ढग खाली येतात, आठवडा आठवडा विमान हँगरमध्ये.