गाण्याचे, तबल्याचे खासगी क्लास: तुमचं चुकलं की सर, बाई काय करायच्या? (खान्देशकरांसाठी अनुभव धागा)

बालगंधर्वांचं सुरुवातीचं गाण्याचं शिक्षण जळगावात महबूबखाँ यांच्याकडे झालं, हे आपण अभिमानाने सांगतो. आज जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं शिकतात ती बहुतेक कुणाच्या तरी घरी, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून. तिथे नेमकं कसं शिकवतात हे कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा. ‘आमचे सर फार छान होते’ एवढ्यावर थांबू नका. तुमचं चुकलं की ते काय करायचे ते लिहा. माझ्या मते शिक्षक तिथेच कळतो. नावं टाळा.

सुरुवात मी करते. आमच्या बाई पहिले कित्येक महिने पेटी उघडतच नसत. तानपुरा आणि सा, बस्स. पेटीचे स्वर बांधलेले असतात. तिचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. बाई खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार छेडून विचारायच्या, “यात ग ऐकू येतोय का?” मला येत नसे. त्या पुन्हा छेडायच्या. एकदा त्यांनी पंखा बंद केला (मे महिन्यात जळगावात!) आणि त्या शांततेत तारेच्या पोटातला गंधार मला स्वच्छ ऐकू आला. तेव्हापासून माझा स्वर सरकला की मलाच कळायला लागलं. बाई ‘चुकलीस’ असं कधी म्हणाल्या नाहीत. गाणं थांबवून तानपुऱ्याकडे बोट दाखवायच्या.

धुळे, तबला

आमच्याकडे पढंत (बोल तोंडाने म्हणणं) आधी, हात नंतर. कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) तोंडाने ठायीत (सावकाश), मग दुगुनीत, मग चौगुनीत म्हणून दाखवल्याशिवाय तबल्याची गवसणी निघायची नाही. हाताने तीनताल धरायचा. नवव्या मात्रेला खाली (टाळी न देता नुसता हात) दाखवायच्या ऐवजी टाळी पडली की परत समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून.

माझं तिरकिट (तबल्याचा एक जलद बोल) वेगात अडखळायचं. सर लय उतरवायचे, इतकी की जीव कंटाळावा. मग शेजारी वाकून हात बघत बसायचे. एक दिवस म्हणाले, “तुझा हात फार लांबून येतो, म्हणून बोल उशिरा पोचतो.” खरंच, मी दर बोलाला हात वीतभर उचलत होतो. हात पुडीजवळ (तबल्याच्या कातड्याजवळ) ठेवून तोच कायदा सावकाश वाजवला आणि महिनोन्महिने अडलेलं मोकळं झालं. सर रागवायचे, सम चुकली की चांगलेच रागवायचे. पण चूक कुठे आहे ते हातात दाखवून दिल्याशिवाय त्यांनी कुणाला घरी पाठवलं नाही.

आणखी एक. शनिवारी ते आम्हाला भजनाला पाठवायचे. तिथे कायदे नाहीत, लग्ग्या (साथीतले चटपटीत तुकडे) नाहीत, नुसता केरवा नाहीतर दादरा ताल धरून ठेवायचा. गाणारा पुढे पळाला तरी आपण पळायचं नाही. साथ काय असते ते मला त्या मंदिरात समजलं.

अमळनेरजवळचं गाव, पेटी

आमच्या बुवांना नोटेशन येत नव्हतं. वही काढली की म्हणायचे, “आधी आयक, मंग वाजाड.” अभंगाची चाल ते गाऊन दाखवायचे आणि आम्ही पट्ट्यांवर शोधायची. चुकीची पट्टी दाबली की तीच ओळ पुन्हा गायचे, बोट मात्र धरायचे नाहीत. फी घेतली नाही. कानबाईच्या जागरणाला, सप्ताहाला वाजवायला यायचं, एवढीच अट. आज कुणीही कुठल्याही पट्टीत (कुठलाही सा धरून) उचललं तरी मी साथ करू शकतो, ती त्यांच्या शिकवण्यामुळे.

भुसावळ, पालक

आमचा अनुभव कडू आहे. पहिल्या क्लासमध्ये वर्षभर परीक्षाच. मुलीला भूप रागाचे आरोह-अवरोह, वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, गायनसमय सगळं पाठ. प्रथम श्रेणीही मिळाली. पण कुणी भूप गायला लागलं तर तिला ओळखता येईना. परीक्षांना माझा विरोध नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत, त्यांनी अभ्यासाला शिस्त लागते. पण तेवढंच शिकवायचं?

क्लास बदलला. नव्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात भूप आणि देसकार हे दोन राग पाठोपाठ गाऊन दाखवले. दोन्हींत तेच पाच स्वर. भूप गंधाराशी रमतो, देसकार धैवताशी. मुलगी घरी येऊन स्वयंपाकघरात दोन्ही गुणगुणत होती, आणि कोणता कोणता ते मलाही कळत होतं.

रावेर, सध्या पुण्यात

मी ऑनलाइन शिकते. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे गुरूंबरोबर एकत्र गाता येत नाही. सर आदल्या दिवशी रेकॉर्डिंग मागवतात आणि नेमक्या जागेवर थांबवून बोलतात. त्यामुळे स्वतःचं गाणं ऐकायची सवय लागली.

एक प्रश्न: भावाचा आवाज फुटलाय, तेरा वर्षांचा आहे. त्याचा क्लास बंद करावा का?

शहादा, स्वतः शिकवतो

बंद करू नका, पट्टी बदला. या वयात पेटीच्या काळी चारला सा धरून गाणारा मुलगा काही महिन्यांत खाली येतो, पुढे काळी एक-दोनच्या आसपास स्थिरावतो. मधल्या काळात तार सप्तकाचा (वरच्या स्वरांचा) हट्ट नको. मी अशा मुलांना मध्य सप्तकातले सावकाश पलटे (सरावाच्या स्वररचना) देतो, आवाज बसलेला असेल त्या दिवशी नुसतं ऐकायला नाहीतर ताल धरायला बसवतो. सगळ्या वर्गासमोर एकट्याला गायला लावत नाही, कारण आवाज चिरकला की बाकीची हसतात आणि पोरगा पुन्हा येत नाही. अशी चांगली गाणारी मुलं मी जाताना पाहिली आहेत. त्याच्या सरांशी आधी बोला, आणि घसा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.