तासाला पाच मिनिटांची चिठ्ठी: घ्यावी की नाही?

फिजिक्सवाली
एफ.वाय.बीएस्सीला शिकवते, वर्गात 120 मुलं. "कळलं का?" विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून "हो मॅडम" येतं आणि मागे सगळं शांत. त्या "हो"वर विसंबून मी पुढे जात नाही. तासात मध्येच एक प्रश्न टाकते, मुलं पाव कागदावर उत्तर लिहून देतात. नाव लिहायचं नाही, मार्क नाहीत.

परवाचा प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला, सर्वांत उंच बिंदूवर त्याचं त्वरण किती? निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर "शून्य". बारावीला याच धड्यावरची गणितं धडाधड सोडवून आलेली मुलं ही! वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मग विचारलं, त्वरणच नसेल तर वेग बदलेल कसा? चेंडू तिथेच लटकून राहायला हवा ना? शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घाला म्हटलं, तर कधी तोंड न उघडणारा शेवटचा बाक हातवारे करून भांडत होता. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1991 मध्ये फिजिक्सच्या वर्गात असंच मुलांना आपसात वाद घालायला लावून शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे प्रत्येक पदवी वर्गात हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

तासिकावाला
मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, दोन कॉलेजं करतो. पैसे तासाचे मिळतात, चिठ्ठ्या वाचण्याचे नाहीत. हजेरीतच सात-आठ मिनिटं जातात, त्यात पाच तुमची. पोर्शन राहिला तर प्राचार्य मलाच बोलावतात.

फिजिक्सवाली
सगळ्या वाचायच्याच नाहीत. गठ्ठ्यातून वीस-पंचवीस उचलल्या की वर्ग कुठे अडलाय ते दिसतं. आणि न कळलेल्यावर पुढचं रचत गेलात, तर पोर्शन संपला असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

जुना_खडू
निवृत्त आहे, पण माझा विरोध वेळेवरून नाही. "प्रत्येक वर्गात" म्हणालात की त्याचं परिपत्रक निघतं, मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला चिठ्ठ्यांचे फोटो लागतात. इंटर्नल मार्कांचं हेच झालं. मुलाला वर्षभर जवळून पाहता यावं म्हणून आणलं आणि आता सरसकट वीसपैकी अठरा. शिवाय चिठ्ठीवर नावच नाही, तर मुलाशी नातं जुळणार कसं? मला वर्गातल्या मुलांची नावं पाठ असत, गावं माहीत असत.

एसवायची_मुलगी
सर, नाव नव्हतं म्हणूनच मी लिहू शकले. दहावीपर्यंत मराठी माध्यम. हात वर करून इंग्रजीत शंका विचारायची म्हणजे घशाला कोरड पडायची. चिठ्ठीवर मराठीत लिहिलं: "इंटिग्रेशन कसं करायचं ते येतं, कशासाठी करायचं ते कळत नाही." दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी ती वाचून दाखवली, वेग-काळाचा आलेख काढला आणि खालचं क्षेत्रफळ म्हणजेच कापलेलं अंतर हे पट्ट्या पाडून दाखवलं. त्यानंतर मी स्टाफरूममध्ये जाऊन विचारायला लागले. सरांना आता माझं नावही माहीत आहे आणि गावही.

पण दुसऱ्या एका मॅडमनी महिनाभर चिठ्ठ्या घेतल्या आणि त्यांवर अवाक्षर काढलं नाही. मग आम्ही सगळे "ऑल क्लिअर" लिहून मोकळे व्हायचो.

फिजिक्सवाली
हेच महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं नसेल तर चिठ्ठी घेऊच नये. आणि खडूसर, मी एकही चिठ्ठी जपून ठेवत नाही. वाचून झाल्या की रद्दीत. फोटो मागितले तर देणार नाही.

जुना_खडू
तुम्ही नाही म्हणाल. प्रोबेशनवरच्या पोराला ते जमेल का? ज्याला आतून वाटेल त्याने करावं, नियम नको. यावर मी ठाम आहे.

तासिकावाला
मुलीचं पटलं. तरी लेक्चरला मला जमणार नाही, हजेरीची मिनिटं सोडवणं माझ्या हातात नाही. प्रॅक्टिकलची बॅच वीसची असते. रीडिंग घेण्याआधी एक प्रश्न, तिथल्या तिथे वाचून तिथेच उत्तर, एवढं या सेमिस्टरला करतो. लंबकाच्या प्रयोगाला चालेल असा एखादा प्रश्न आहे का, मॅडम?

फिजिक्सवाली
आहे. गोळा दुप्पट वजनाचा घेतला, दोरीची लांबी तीच, तर आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, किती होईल? आधी लिहून घ्या, मगच स्टॉपवॉच हातात द्या.