बागेतील घसरगुंडी आणि दोन वर्षांची मुलगी

प्रश्न: घराजवळच्या बागेत मुलीला रोज न्यावे असा विचार आहे, मात्र घसरगुंडीवर तिला एकटीला सोडण्याचे धाडस होत नाही. मांडीवर घेऊन घसरल्यास चालेल का?

उत्तर १: कृपया तसे करू नका. मांडीवर मूल सुरक्षित वाटते खरे, परंतु त्याचा बूट घसरगुंडीच्या कडेला अडकला, तर मोठ्या माणसाच्या वजनामुळे दोघेही थांबत नाहीत आणि त्या पिळाने मुलाच्या नडगीचे हाड मोडू शकते. एकटे मूल अडकले, तर बहुधा जागीच थांबते. बुटकी घसरगुंडी निवडावी आणि शेजारी उभे राहावे.

उत्तर २: सहमत. शिवाय उन्हात पत्राच काय, प्लास्टिकही चटका बसण्याइतके तापते. आधी हात लावून पाहावा. गळ्यातील दोरी किंवा स्कार्फ अडकून फास बसू शकतो, म्हणून तो घरीच ठेवावा.

उत्तर ३: मुळात घसरगुंडीचाच आग्रह कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल अपेक्षित आहे, आणि गवतावर धावणे, खडे वेचणे, कट्ट्यावर चढउतार करणे हे सारे त्यात मोजले जाते.