मदत हवी आहे: पिकल करून ठेवलेल्या फवारणीच्या नोंदी सकाळी गायब

थॉमसनवाला:
मंडळी, दोन रात्री डोकं खाजवून झालं, आता इथं विचारतो.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन प्लॉट, विहिरीजवळचा थॉमसन आणि नाल्याकडचा सोनाका (दोन्ही द्राक्षाचे वाण). फवारणीची नोंद बाबा वहीत ठेवतात. निर्यातीला माल द्यायचा तर कोणत्या तारखेला काय मारलं, किती प्रमाणात, छाटणीनंतर कितव्या दिवशी, सगळं दाखवावं लागतं. मागच्या हंगामात ती वही ब्लोअरच्या टाकीत पडली आणि निम्मी पानं चिकटली. म्हणून नाशिकला कॉलेजात शिकलेलं पायथॉन आठवून मी छोटा प्रोग्राम लिहिला. (नावं सगळी मराठीत ठेवली आहेत, पायथॉन ३ ला चालतात.)

एक प्लॉट क्लास, एक फवारणी क्लास (क्लास म्हणजे साचा, त्यातून एकेक ऑब्जेक्ट बनतो). प्लॉटमध्ये नाव, वाण, क्षेत्र आणि फवारण्यांची लिस्ट. दोन्ही प्लॉटची मिळून एक लिस्ट करतो, पिकल.डम्पने फाईलमध्ये ठेवतो (पिकल म्हणजे ऑब्जेक्ट फाईलमध्ये साठवायची पायथॉनची सोय), प्रोग्राम सुरू होताना पिकल.लोडने परत आणतो. फाईल उघडताना लिहायला 'डब्ल्यूबी' मोड, वाचायला 'आरबी', ते तपासलंय.

आता गंमत बघा. नोंद टाकली, सेव्ह केली, तिथल्या तिथे लोड करून प्रिंट केली की सगळं बरोबर दिसतं. प्रोग्राम बंद करून सकाळी उघडला की प्लॉट दोन्ही जागेवर, नाव-वाण बरोबर, आणि फवारण्या शून्य. एरर नाही, काही नाही. एरर आली असती तर निदान शोधायला काहीतरी हाताशी असतं.

एक मित्र म्हणाला, 'डब्ल्यूबी'ने दरवेळी फाईल पुसली जाते, 'एबी' कर, म्हणजे जुन्याच्या पुढे लिहिलं जाईल. केलं. फाईल फुगत गेली, फवारण्या शून्यच. परत 'डब्ल्यूबी'वर आलो.

अजून एक किरकोळ गोष्ट, तिचा याच्याशी संबंध नसावा. विहिरीच्या प्लॉटला फवारणी टाकली की नाल्याकडच्यालाही तीच दिसते. प्रिंटची लूप माझ्याकडूनच चुकली असणार, ते नंतर बघेन.

कोड टाकता येत नाहीये, लॅपटॉप शेडवर आहे आणि मी मोबाईलवरून लिहितोय.

मिसळप्रेमी:
भाऊ, एक्सेल करा आणि मोकळे व्हा. बागेला एवढं कशाला?

थॉमसनवाला:
एक्सेलने काम होईल हो. पण नोंदी जातात कुठे हे कळल्याशिवाय झोप लागायची नाही.

पंचवटीकर:
किरकोळ म्हणून जे शेवटी टाकलंत ना, दुखणं तिथंच आहे. लूप चुकलेली नसेल. दोन गोष्टी बघून सांगा.

फाईलवर राइट क्लिक करून आकार बघा, नोंदी वाढवल्यावर तो वाढतो का? ('डब्ल्यूबी' असताना. 'एबी'चं नंतर बोलू.)

आणि प्लॉट क्लासमध्ये फवारण्यांची रिकामी लिस्ट नेमकी कुठे लिहिली आहे? इनिटच्या (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आत 'सेल्फ' (म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) लावून, की क्लासच्या नावाखाली लगेच?

थॉमसनवाला:
ताई, शेडवर जाऊन आलो. क्लास प्लॉट, त्याच्या खालच्याच ओळीत फवारण्या बरोबर रिकामा चौकोनी कंस. इनिटमध्ये फक्त नाव, वाण, क्षेत्र. फाईल १ केबी. वीस नोंदी टाकून सेव्ह केलं तरी १ केबी!

पंचवटीकर:
मग सापडलं. वीस नोंदी फाईलमध्ये गेल्याच नाहीत, जाणारही नव्हत्या.

क्लासच्या नावाखाली थेट लिहिलेली लिस्ट ही क्लासची असते, एकेका प्लॉटची नसते. दोन्ही प्लॉटांची मिळून एकच वही, असं समजा. विहिरीचा प्लॉट 'सेल्फ.फवारण्या.अपेंड' म्हणतो तेव्हा पायथॉन आधी त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या डिक्शनरीत (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत) शोधतो. तिथं फवारण्या हे नावच नाही. मग तो क्लासकडे जातो, तिथली लिस्ट सापडते आणि नोंद तिच्यात पडते. सोनाकाने विचारलं तरी हीच वही पुढे येते, म्हणून दोघांना एकच फवारणी दिसत होती.

आता पिकल. तो ऑब्जेक्टची स्वतःची डिक्शनरी लिहितो: नाव, वाण, क्षेत्र. क्लासचं मात्र फक्त मॉड्यूल आणि नाव लिहून ठेवतो, म्हणजे लोड करताना तो कुठे शोधायचा हे कळावं. क्लासच्या पोटात काय आहे ते फाईलमध्ये जात नाही.

तिथल्या तिथे लोड केल्यावर नोंदी दिसत होत्या त्या फाईलमधून आल्याच नव्हत्या. प्रोग्राम चालू होता, क्लास मेमरीत होता, त्याची लिस्ट भरलेली होती. सकाळी क्लास नव्याने तयार झाला, कंस पुन्हा रिकामा. सेव्ह नीट झालं का हे बघायचं तर प्रोग्राम बंद करून, पुन्हा उघडूनच बघा.

उपाय एका ओळीचा आहे. ती लिस्ट क्लासखालून काढा आणि इनिटच्या आत 'सेल्फ.फवारण्या' म्हणून लिहा.

राहिलं 'एबी'. प्रत्येक डम्प म्हणजे फाईलमध्ये एक स्वतंत्र गठ्ठा. लोड एका वेळी एकच गठ्ठा वाचतो, आणि नव्याने उघडलेल्या फाईलमधला पहिला, म्हणजे सगळ्यात जुना. सगळे हवे असतील तर ईओएफ (फाईल संपल्याची) एरर येईपर्यंत लूपमध्ये लोड करत राहावं लागतं. तुम्ही दरवेळी अख्खी बाग लिहिताय, तुम्हाला 'डब्ल्यूबी'च बरोबर.

थॉमसनवाला:
ओळ हलवली. आता प्रोग्राम उघडताच नवीनच. ॲट्रिब्यूट एरर, प्लॉट ऑब्जेक्टला फवारण्या नावाचं काही नाही म्हणतो. इनिटमध्ये डोळ्यांसमोर लिहिलेलं आहे!

पंचवटीकर:
जुनी फाईल लोड करताय ना? लोड करताना पिकल इनिट चालवतच नाही. रिकामा ऑब्जेक्ट उभा करतो आणि फाईलमधली डिक्शनरी त्यात ओततो. जुन्या डिक्शनरीत फवारण्या नव्हत्या, म्हणून आताही नाहीत.

तुमच्या त्या फाईलमध्ये दोन प्लॉटच्या नाव-वाण-क्षेत्रापलीकडे काही नाही, सरळ डिलीट करा. पण पुढे क्लासमध्ये नवीन काही वाढवाल, समजा पाण्याचा पीएच, तेव्हा फाईलमध्ये शेकडो नोंदी असतील. त्या वेळी फवारणी क्लासमध्ये 'सेटस्टेट' (लोड करताना पिकल बोलावतो ते फंक्शन) लिहा: आलेली डिक्शनरी भरून घ्यायची, आणि पीएच नसेल तर तिथं 'नन' (म्हणजे किंमत नाही) ठेवायचं. क्लासचं नाव मात्र बदलू नका, दुसऱ्या फाईलमध्येही हलवू नका. जुन्या डेटात जुनाच पत्ता असतो, मग 'कान्ट गेट ॲट्रिब्यूट' म्हणून अडून बसतो.

सिडकोचा संगणकवाला:
माझी एक भर. 'डब्ल्यूबी'ने फाईल उघडली त्या क्षणीच जुनं पुसलं जातं. डम्प व्हायच्या आत लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी माझ्यासारखी मेलेली असली, की ना जुनं ना नवं. आधी 'बाग.तात्पुरती' नावाच्या फाईलमध्ये लिहा, ती बंद करा, मग ओएस.रिप्लेसने मूळ नाव द्या. दोन ओळी वाढतात.

आणि पॅकहाऊसवाल्यांना ही फाईल पाठवू नका, त्यांच्याकडची उघडूही नका. पिकल लोड करताना फाईलमधला कोड चालू शकतो, अनोळखी फाईल उघडणं धोक्याचं. बाहेर द्यायला जेसन किंवा सीएसव्ही (साध्या मजकुराच्या फाईली) काढा. जेसन करताना तारीख आयसोफॉरमॅटने मजकूर करून घ्या, नाहीतर 'सीरियलाइज होत नाही' म्हणून रुसेल. 'एन्शुअर आस्की' फॉल्स करा आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये उघडा, म्हणजे मराठी नावं वाचता येतील. मला विचाराल तर नोंदी वाढल्या की एसक्यूलाइटवर (एका फाईलमधल्या छोट्या डेटाबेसवर) जा, पायथॉनबरोबर २.५ पासून येतंच, वेगळं काही बसवावं लागत नाही.

थॉमसनवाला:
जुनी फाईल उडवली. थॉमसनला डावणी रोगाच्या फवारणीच्या दोन नोंदी टाकल्या, सोनाकाला एक भुरीची. प्रोग्राम बंद केला, लॅपटॉपही बंद केला, चहा पिऊन आलो आणि उघडलं. थॉमसनला दोन, सोनाकाला एक! फाईल तरी १ केबीच दाखवत होती, आधी घाबरलो. प्रॉपर्टीजमध्ये बाइट बघितले तर वाढलेले होते.

बाबा आता वहीतून वाचून दाखवतायत आणि मी भरतोय, छाटणीपासूनच्या चाळीस दिवसांच्या नोंदी आहेत. चिकटलेल्या पानांवरचं मागच्या हंगामाचं गेलं ते गेलंच. तात्पुरत्या फाईलचं उद्या करतो, आज थ्री-फेज रात्रीची आहे, मोटरीवर जायचंय.